कयाकवरून मोठा मासा लागतो पण दर वेळी सुटतो, तर काय काय तपासायचं

खोल समुद्रात कयाकवरून ट्यूना, सुरमई, माही-माही, सेलफिश असल्या ताकदीच्या माशांच्या मागे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते, मासा लागतो पण हातात येत नाही. एकदा झालं तर नशीब म्हणून सोडून देता येतं, पण सलग होत असेल तर कुठेतरी ठरावीक बिघाड आहे आणि शोधला तर तो सापडतो. लोकांच्या रील उघडून बघायचं आणि तुटलेल्या लाइनची टोकं तपासायचं काम माझ्याकडे सारखं येतं, आणि माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने आधीच दोन उद्योग करून ठेवलेले असतात: ड्रॅग (ठरावीक ताणापुढे लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) आणखी आवळलेला असतो आणि स्पूलवर (रीलच्या ज्या चाकावर लाइन गुंडाळतात त्यावर) जास्त जाड लाइन भरलेली असते. जाड लाइनने मूळ दुखणं तसंच राहतं आणि आवळलेल्या ड्रॅगने तर वाढतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. कयाक पाण्याच्या पातळीत पुढे ओढली तर सहज चालायला लागते, माणूस आणि सामान धरून दीडशे किलो वजन असलं तरी चालण्याच्या वेगाने ती ओढायला दोन-तीन किलोच्या आसपासचा ताण पुरतो. म्हणजे मासा खाली न जाता दूर पळाला की कयाकच दुसऱ्या ड्रॅगचं काम करते, आणि १५ किलोची धडधाकट लाइन निव्वळ ताणाने तुटायला तसं कारणच उरत नाही. पण दोन वेळा ही सोय मिळत नाही. पहिली वेळ म्हणजे पहिला झटका, कारण एवढं वजन जागेवरून हलायला क्षणभर लागतोच आणि तेवढ्यात ड्रॅग सुटला नाही तर सगळा मार लाइनवर आणि गळावर. दुसरी वेळ म्हणजे मासा थेट कयाकच्या बुडाखाली गेला की, कारण कयाक खाली ओढली जात नाही, ती तिथेच तरंगते आणि सगळा ताण रॉडच्या टोकावर येतो. कयाकवर सुटलेले मासे मोजायला बसलात तर निम्म्याहून जास्त या दोन प्रसंगांत सुटलेले दिसतील असं माझं मत आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा, कारण "मासा गेला" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- बाईट येते (मासा गळ तोंडात घेतो), रॉड वाकतो, दोन-चार सेकंदांत सगळं ढिलं. गळ जसाच्या तसा परत.
- मासा उडी मारतो, डोकं झटकतो आणि ल्युअर (नकली आमिष) हवेत उडून पडतो.
- गळ परत येतो पण सरळ झालेला, किंवा स्प्लिट रिंग (गळ ल्युअरला अडकवणारं दुहेरी वेटोळ्याचं कडं) उघडलेली.
- पहिल्याच धावेत, ड्रॅगचा आवाज नीट सुरू होण्याआधीच टक् करून लाइन जाते.
- धाव लांबली, स्पूल अर्धा रिकामा झाला, आणि मग लाइन जाते.
- ड्रॅग कितीही आवळा, लाइन निघतच राहते.
- मासा बुडाखाली येतो आणि लाइन कापली जाते नाहीतर रॉडचं टोक मोडतं.
- लीडर (मुख्य लाइन आणि गळ यांच्यामधला वेगळा तुकडा) दिसायला लागतो, मासा बाजूला येतो, आणि शेवटच्या दोन मीटरवर जातो.

पहिली दोन लक्षणं बहुतेक गळाची, तिसरं गळाच्या तारेचं किंवा रिंगचं, चौथं-पाचवं ड्रॅगचं, सहावं स्पूलचं, शेवटची दोन हाताळणीची. बहुतेक म्हणतोय, नेहमी नाही, कारण चौथ्या लक्षणामागे साधी सरकलेली गाठ पण निघते. म्हणून खालच्या क्रमानेच जा. वरचं फुकट होतं, खाली जाल तसा वेळ, पैसा आणि कटकट वाढत जाते, आणि गंमत अशी की लोक सुरुवात नेमकी खालून करतात, नवीन रील घेऊन.

तुटलेलं टोक बघा

काही खर्च नाही, फक्त चिडून ते टोक कापून फेकू नका. चांगल्या उजेडात आणि जमलं तर भिंगाखाली धरा.

टोक पिळलेलं, डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालेलं असेल तर लाइन तुटलेलीच नाही, गाठ सरकून सुटली. टोक ब्लेडने कापावं तसं साफ असेल तर दात, म्हणजे सुरमई, वाहू, बाराकुडा यांच्यापैकी कुणीतरी. टोकाच्या आधी चार-सहा बोटं लांबी पांढुरकी, खरखरीत, चपटी लागत असेल तर ती कशावर तरी घासली, खडक, माशाची शेपटी किंवा तुमच्याच कयाकचं बूड. ब्रेडेड (धागे विणून केलेल्या) लाइनमध्ये तेच सुटलेल्या धाग्यांचा झुपका म्हणून दिसतं. आणि मोनोचं (एकाच नायलॉन धाग्याच्या लाइनचं) टोक ताणून बारीक झालेलं, बाकी लांबी गुळगुळीत, असं असेल तरच ती खरोखर ताणाने तुटली, आणि तेव्हा ड्रॅगकडे बोट दाखवायचं.

कुठे तुटली तेही महत्त्वाचं. गळाजवळ, लीडरच्या जोडगाठीत, की मधेच कुठेतरी? मधेच आणि प्रत्येक वेळी साधारण तेवढ्याच लांबीवर तुटत असेल तर तिथे लाइनला जुनी इजा आहे, पुढचे दहा-वीस मीटर कापून टाका आणि बघा. हे केल्यावरच बऱ्याच जणांचं काम भागतं.

गळाची धार

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा आणि ओढा. रुतलं तर चांगलं, घसरलं तर बोथट. बोटीवर बोथट गळ कधीकधी खपून जातो कारण हिसका दिला की मागे कित्येक टनांचं वजन असतं, कयाकवर तुम्ही हिसका देता तेव्हा माशाइतकेच तुम्हीही पुढे सरकता आणि जोर अर्धा वाया जातो. म्हणून कयाकवाल्याला धार जास्त लागते. जाड तारेचा गळ असेल तर बारीक कानशीने टोकाच्या दिशेने दोन-तीन बाजूंनी घासा, पण जे गळ कारखान्यात रसायनाने धार केलेले येतात ते कानशीने फारसे सुधारत नाहीत, सरळ बदला. गंजाचा ठिपका टोकापाशी असेल तरी बदला.

ल्युअरवर तीन टोकांचे ट्रेबल असतील तर त्यातले दोन काटे एकमेकांना तरफ लावतात, मासा पिळला की एक काटा दुसऱ्याला उपटून काढतो. जाड तारेचा एकेरी गळ लावून बघा, सुटायचं प्रमाण कमी होतं आणि कयाकवर मांडीजवळ उडणारे सहा काटे पण कमी होतात, हा फायदा मला जास्त वाटतो. एकेरी गळ लावल्यावर ल्युअर सरळ पोहतोय ना ते मात्र बघून घ्या, वजन बदललं की काही ल्युअर एका बाजूला कलतात.

सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरताय का? मग हिसका द्यायचाच नाही. मासा वळून पळू द्या, लाइन आपोआप ताठ होऊ द्या, गळ जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. जुन्या सवयीने हिसका दिला की तो तोंडातून तसाच बाहेर येतो, आणि माणूस म्हणतो बाईट येतात पण लागत नाही. ट्रोलिंग करताना (चालत्या कयाकमागे आमिष ओढताना) साधा गळ असेल तर बाईट आल्यावर रॉड उचलायच्या आधी पेडल किंवा वल्ह्याचे चार-पाच जोरदार मार मारा, कयाकच्या वेगाने गळ रुततो, नुसत्या हातापेक्षा बरा.

रिंग, स्नॅप, स्विव्हल

हे दोन मिनिटांचं काम. प्रत्येक स्प्लिट रिंग पक्कडीत धरून बघा, दोन वेटोळ्यांमध्ये फट दिसली तर फेका. स्नॅपची तार एकदा वाकून परत बसवलेली असेल तर फेका. सगळ्या साखळीत सर्वात कमी क्षमतेचा तुकडा कुठला ते शोधा, बहुतेक वेळा तो ल्युअरसोबत फुकट आलेली रिंग असतो, आणि लोक ३० किलोचा लीडर बांधून पुढे १० किलोची रिंग लावतात.

लीडर

पूर्ण लीडर कोरड्या बोटांत धरून नखावरून ओढत न्या. जिथे खरखर लागेल तिथून कापा. मासा मिळाला तरी लीडर तपासायचा, सुटला तरी तपासायचा, कारण मागच्या माशाने केलेली इजा पुढच्या माशाला तुटते.

दातवाल्या माशांसाठी गळाजवळ ३०-४० सेंटीमीटर वायर लावा, एकेरी तारेला कुठे कोन पडला असेल तर ती तार संपली समजा, सरळ करून वापरू नका. दात नसतील, ट्यूना किंवा माही-माही असेल, तर वायरमुळे बाईट कमी होतात, तिथे फ्लोरोकार्बन (मोनोसारखीच एकेरी, पण दुसऱ्या प्लास्टिकची लाइन) किंवा मोनो. दोघांत कोणतं यावर लोक भांडतात. फ्लोरोकार्बन घासायला चिवट असतो, मोनो जास्त ताणतो. कयाकवर पहिल्या झटक्याचा प्रश्न असेल तर मी मोनोच्या बाजूने आहे, कारण ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणतच नाही आणि मधे थोडं ताणणारं काहीतरी असलं की पहिला मार ते खातं. त्यासाठी लीडर जरा लांब ठेवावा लागतो. फक्त विक्रमासाठी नोंदवायचा विचार असेल तर आयजीएफएची (मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) मर्यादा लक्षात ठेवा: २० पौंडांपर्यंतच्या लाइनला लीडर जास्तीत जास्त १५ फूट, त्यावरच्या लाइनला ३० फूट.

गाठी

गाठ आवळायच्या आधी ओली करा. सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत कुणीच करत नाही. कोरडी आवळली की घर्षणाने गरम होते, फ्लोरोकार्बनला तिथेच चरे पडतात, वरून दिसत नाही आणि समुद्रात नेमकी तीच जागा तुटते. ब्रेडेड गुळगुळीत असते, तिच्यावर साधी क्लिंच गाठ सरकते, त्यामुळे गळाला थेट बांधायची तर पालोमार आणि लीडरला जोडायची तर एफजी किंवा दुहेरी युनी. एफजी बारीक असते, गाइडमधून (रॉडवरच्या लाइन ओवायच्या कड्यांमधून) अलगद जाते, पण नीट आवळली नाही तर तिच्याइतकी दगाबाज गाठ नाही. आवळून झाल्यावर ब्रेडेडचा रंग जोडावर गडद दिसायला लागला पाहिजे, वेढे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, आणि जोरात ओढल्यावर ते जराही सरकता कामा नयेत.

तपासायचं कसं, तर लाकडी दांड्याला दोन्हीकडून लाइन गुंडाळून ओढा, हाताला गुंडाळून नाही, ब्रेडेड बोट कापते. शेजारी ताणकाटा (ओढ किलोत मोजणारा काटा) असेल तर आकडा बघा. ड्रॅगच्या दुप्पट ताणाला गाठ टिकली तर पुढे चला. हे घरी करा, लाटांवर बसून बांधलेली एफजी मी तरी भरवशाची धरत नाही, पाण्यात असताना जोड गेला तर दुहेरी युनी बांधा आणि दिवस काढा.

ड्रॅग आवळूनही लाइन निघते?

मग तो बिचारा ड्रॅग बऱ्याचदा ठीकच असतो. ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर भरली की सगळी लाइन एका गठ्ठ्याने स्पूलभोवती फिरते. मार्करने स्पूलच्या कडेवर आणि शेजारच्या लाइनवर एकाच रेषेत ठिपका द्या, ड्रॅग पूर्ण आवळा, लाइन ओढा. ठिपके एकमेकांपासून सरकले आणि स्पूल जागच्या जागी, तर हेच. लाइन काढा, खाली थोडी मोनो भरा किंवा स्पूलला टेप लावा, परत ताणून भरा. ढिली भरलेली ब्रेडेड मोठ्या ओढीत स्वतःच्याच खालच्या थरात रुतते आणि पुढच्या धावेत अडकून तुटते, तो अजून वेगळा ताप.

गाइडच्या रिंगा

कापसाचा बोळा प्रत्येक गाइडच्या आतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे रिंगेला तडा आहे. डोळ्याला दिसत नाही पण ब्रेडेड लाइनला प्रत्येक धावेत कापत राहतो. टोकाच्या गाइडकडे जास्त लक्ष द्या, कयाक चढवता-उतरवताना रॉडचं टोक आपटतं ते तिथेच. टोकाचं गाइड गरम गोंदाने बसवलेलं असतं, थोडी सवय असेल तर घरी बदलता येतं. मधली गाइडं दोऱ्याने बांधून वर लेप दिलेली असतात, ती रॉड दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

ड्रॅग मोजा, अंदाजाने लावू नका

इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. हाताने लाइन ओढून "बास, झाला बरोबर" हे ट्रेव्हलीच्या पिल्लाला चालतं, मोठ्या माशाला नाही. लाइन गाइडमधून ओवा, टोक ताणकाट्याला बांधा, काटा कशाला तरी अडकवा किंवा कुणाला तरी धरायला द्या, रॉड झुंजीत धरता तसा वाकवून धरा आणि मागे सरका. रॉड सरळ ठेवून मोजला तर आकडा कमी येतो, कारण वाकलेल्या रॉडवर गाइडचं घर्षण वाढतं.

दोन आकडे बघायचे. स्पूल फिरायला सुरुवात होते तो, आणि फिरत असताना टिकतो तो. चांगल्या ड्रॅगमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे असतात. फिरताना ३ किलो आणि सुरू व्हायला ५ किलो असं दिसलं तर तुमचं चौथं लक्षण सापडलं, कारण मासा प्रत्येक वेळी थांबून परत पळतो तेव्हा लाइन आधी ५ किलोचा झटका खाते, आणि तो पण कयाक हलायच्या आधी.

लाइनच्या क्षमतेच्या पाव ते एक तृतीयांश हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम आहे. १५ किलोच्या लाइनला म्हणजे साधारण पावणेचार ते पाच किलो. कयाकवर मी त्याहून खाली, तीनच्या आसपास सुरुवात करायला सांगतो, पुढे वाढवायचा तर हाताने स्पूलवर दाब देऊन वाढवा, तो हात कधीही उचलता येतो. खालून सुरू करायचं आणखी एक कारण आहे, आणि ते पाचव्या लक्षणाचं उत्तर आहे. ड्रॅगचा जोर स्पूलच्या आसाशी लागतो, त्यामुळे लाइन कमी होऊन गठ्ठ्याचा व्यास घटला की तोच ड्रॅग जास्त ओढायला लागतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ६० मिलिमीटर आणि ड्रॅग ३ किलो, तर व्यास ४० वर आल्यावर तोच ड्रॅग साडेचार किलो झालेला असतो, तुम्ही नॉबला हातही न लावता. त्यात भर म्हणजे शंभर-दीडशे मीटर लाइन पाण्यातून वाकून ओढली जात असते, त्या पाण्याचा विरोध वेगळा. म्हणून मासा लांब पळाला की ड्रॅग थोडा सोडायचा असतो, आणि घाबरलेला माणूस नेमका तेव्हाच आवळतो.

लिव्हर ड्रॅगची (दांडी सरकवून ड्रॅग लावायची) रील असेल तर ठरवलेल्या आकड्यावर परत येणं सोपं जातं. स्टार ड्रॅग (हँडलजवळचं चांदणीसारखं चाक फिरवून लावायचा) किंवा पुढच्या नॉबवाली असेल तर किती फेऱ्यांना किती किलो ते घरी लिहून काढा.

ड्रॅगच्या चकत्या

सुरुवातीचा आकडा जास्त येत असेल तर चकत्या काढायला लागतात. कयाकवरची रील बोटीवरच्या रीलपेक्षा खूप जास्त खारं पाणी खाते, किनाऱ्यावरच्या लाटेतून निघताना एकदा, परतताना एकदा, आणि बाकी दिवसभर ती पाण्यापासून दोन वीत अंतरावरच असते. आत गेलेलं पाणी वाळतं, मीठ उरतं, आणि चकत्या एकमेकींना चिकटतात.

स्पिनिंग रीलचा वरचा नॉब काढला की एक वाकवलेली तार दिसते, ती काढली की चकत्या एकेक करून वर येतात. काढताना त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो काढा, एक धातूची एक कार्बनची असा क्रम असतो आणि कानवाल्या चकत्या ठरावीक खाचेतच बसतात. धातूच्या चकत्या गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, रंग उडाला, निळसर झाल्या किंवा वाकल्या असतील तर बदला. कार्बनच्या चकत्यांना फक्त ड्रॅगसाठीचं ग्रीस, तेही बोटाने पुसून घेतल्यावर नुसती चमक राहील एवढंच. काही रील कोरड्या चकत्यांवर चालायला बनवलेल्या असतात, त्यात ग्रीस घातलं तर ड्रॅगची कमाल ताकद कमी होते, म्हणून रीलसोबतचा कागद आधी वाचा. सायकलचं, दाराच्या बिजागरीचं कुठलंही तेल इथे नको.

परत बसवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळ आले तर काम झालं. पुढे रोजची सवय अशी की धुताना ड्रॅग हलका आवळलेला ठेवा म्हणजे पाणी आत जाणार नाही, जोराचा फवारा मारू नका, पुसा, आणि ठेवून देताना ड्रॅग पूर्ण सोडा म्हणजे चकत्या दबून चपट्या होणार नाहीत.

सगळं ठीक असेल तर मग हाताळणी

पैसे लागत नाहीत पण सुधारायला सगळ्यात अवघड म्हणून शेवटी ठेवलंय.

मासा लागला की पहिल्यांदा कयाकचं पुढचं टोक माशाकडे वळू द्या. रॉड पुढच्या अर्ध्या भागात धरला की मासाच ते वळवतो. आडव्या बाजूने ओढ घेतलीत तर कयाक ओढली जाण्याऐवजी कलंडते, आणि तोल सांभाळायच्या नादात लाइन ढिली पडते, उडी मारणारा मासा तेवढ्यात गळ झटकतो. सेलफिश किंवा माही-माही हवेत असताना रॉडचं टोक क्षणभर त्याच्याकडे झुकवा आणि तो पाण्यात पडताच ताण परत घ्या.

आता बुडाखालचा मासा. कयाकच्या खाली काय काय लोंबकळतंय ते आठवा: पेडलचे पंख किंवा पंखा, मागचं सुकाणू, फिश फाइंडरचा (मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यातला सेन्सर. ताठ ब्रेडेड यातल्या कशालाही लागली की संपलं. मासा थकून जवळ यायला लागला, लाइन खाली उतरायला लागली की पंख बुडाला चिकटवून ठेवा, पंखा असेल तर वर उचला, सुकाणू वर घ्या. हे मासा बुडाखाली गेल्यावर करायला जाल तर उशीर झालेला असतो. मासा एका बाजूने दुसरीकडे गेला तर रॉड डोक्यावरून फिरवू नका, टोक पाण्यात खुपसा आणि कयाकच्या पुढच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्या. बसल्या जागेपासून पुढचं टोक दोनेक मीटर असतं, म्हणून सात फुटांचा रॉड पोचतो आणि साडेपाच फुटांचा जिगिंगचा (जड ल्युअर वरखाली नाचवायचा) रॉड बऱ्याच कयाकवर पोचत नाही. छोटा रॉडच आवडत असेल तर पुढे सरकून पोचता येतं का ते किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आधी करून बघा.

रॉड उभा करून मासा उचलायचा नाही. तुम्ही पाण्यालगत बसलेले असता, रॉड आडव्याच्या वर फार नेलात तर सगळा बाक टोकाच्या बारीक भागात येतो आणि तिथेच तो मोडतो. छोटे छोटे पंप, म्हणजे रॉड थोडा उचलायचा आणि खाली नेताना गुंडाळायचं, एका वेळी हँडलच्या एक-दोन फेऱ्या. ट्यूना शेवटी खाली गोल गोल फिरतो, त्या वर्तुळात तो अर्धा वेळ तुमच्याकडे येत असतो आणि अर्धा वेळ दूर. येतो तेव्हा गुंडाळा, जातो तेव्हा नुसतं धरून ठेवा.

शेवटचे दोन मीटर. लीडर दिसला की ड्रॅग एक टप्पा सोडा. कारण आता ताणायला लाइनच उरलेली नाही आणि कयाक बघून मासा एक धाव घेतोच घेतो. लीडर हातमोजा घालून नुसता पकडा, हाताला वेढा द्यायचा नाही, कयाकवरून माणूस पाण्यात ओढला जायला एवढं पुरतं. गॅफ (मासा ओढून घ्यायचा दांड्याचा आकडा) लावायचा तर कल्ल्याच्या मागे, मासा स्थिर असताना एकदाच. गॅफ लीडरवर आपटून गेलेले मासे काही कमी नाहीत.

इथे थांबा

रीलमध्ये स्पूल आणि ड्रॅगच्या पलीकडे जाऊ नका. हँडल उलटं फिरायला लागलं, गुंडाळताना दात घासल्यासारखं लागतंय, किंवा साइड प्लेटमधून खारं पाणी निथळतंय, तर आतलं वन-वे बेअरिंग (हँडल उलटं फिरू न देणारं), मुख्य गिअर नाहीतर इतर बेअरिंग गेलेत. वन-वे बेअरिंगमध्ये घरी जास्त ग्रीस भरलं की ते आणखीच घसरतं. रील पूर्ण पाण्यात बुडाली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि मेकॅनिकला द्या, आठवडाभर थांबलात तर दुरुस्तीऐवजी सुटे भाग बदलायची वेळ येते. देताना दोन्ही ड्रॅग आकडे चिठ्ठीवर लिहून द्या, त्याचा अर्धा शोध वाचतो.

रॉडच्या नळीला आडवी रेघ किंवा मऊ जागा लागली तर तो वापरातून काढा, टेप लावून चालत नाही. कयाकच्या बुडात प्रत्येक वेळी पाणी साचत असेल, रॉड होल्डरच्या स्क्रूभोवती तडे असतील तर मासेमारीच बंद, आधी कयाक दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

गळ तुमच्याच अंगात रुतला, काट्याची उलटी अणी आत गेली आणि जागा डोळ्याजवळ, मानेला किंवा सांध्यावर आहे, तर उपटू नका. बोल्ट कटरने लाइन आणि ल्युअर वेगळा करा, गळ तसाच ठेवून डॉक्टरकडे, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा.

आणि पाण्यात असताना लाइन कापायची वेळ ओळखा. मासा तुम्हाला बाहेर ओढतोय आणि वारापण जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, तर परतताना तेवढंच अंतर वाऱ्याविरुद्ध वल्हवायचंय, तेही दमलेल्या हातांनी. मागे बघून अर्ध्या ताकदीत परत जाता येईल असं वाटत नसेल तर कापा. शार्क माशाच्या मागे लागला तरी कापा, पाय आत घ्या. सुरी लाइफ जॅकेटवर, दोन्हीपैकी कुठल्याही हाताने निघेल अशी हवी. परतणं जमत नाहीये असं वाटलं की ताकद संपायची वाट न बघता व्हीएचएफ रेडिओच्या (समुद्रावरच्या वायरलेसच्या) चॅनल १६ वर मदत मागा, जिवाला धोका असेल तर "मेडे", तेवढं नसेल पण अडकला असाल तर "पॅन-पॅन", तीन वेळा, आणि लगेच जागा, माणसं किती, कयाकचा रंग. उलटलात तर कयाक सोडून पोहायला निघू नका.